बुटकीचा हँडब्रेक

बुटकी घरात आली त्याच दिवशी दादाने एका माणसाचं नाक फोडलं. बुटकी म्हणजे आमची जुनी, छोटी एसयूव्ही. तोरा मोठ्या गाडीचा आणि उंची बेताची, म्हणून मी तिला ते नाव ठेवलं. माझ्या थोरल्या भावाने ती जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडून घेतली. घरी आणताना आमच्या गल्लीच्या पहिल्याच चढावर बॉनेटमधून वाफ निघाली, रेडिएटरचा पाइप फुटला आणि हिरवं पाणी रस्त्यावरून खाली वाहत गेलं. दादा त्या पाण्याच्या मागोमाग पायीच खाली उतरला. दलाल दुकानाचं शटर ओढत होता. "गाडी बघून घेतलीत ना साहेब," एवढंच तो म्हणाला. मी आणि वहिनी धावत पोचलो तोवर तो शटरला टेकून खाली बसला होता आणि त्याच्या शर्टाचा मूळ रंग ओळखू येत नव्हता.

वहिनीने आपला रुमाल त्याच्या नाकाला लावला आणि म्हणाली, "मान पुढे करा, मागे नको. रक्त घशात उतरेल." दादाने तिला दंडाला धरून चढावर ओढत नेलं. घरी आल्यावर दार लावून म्हणाला, "परक्या माणसाचं रक्त पुसायला तू कोण?" आणि तोच हात तिच्यावर चालला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आमच्या घरची रोजची रीत होती.

मला सांगायचंय वहिनीबद्दल. पण तिच्याबद्दल सांगायचं तर दादाच्या हातापासूनच सुरुवात करावी लागते, कारण तिची लग्नानंतरची सगळी वर्षं त्या हाताला चुकवण्यात गेली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. दादाकडे शब्द कमी होते. त्याचे हात शिवशिवायचे. जेवणात खडा लागला तरी शिवशिवायचे आणि मशीन बंद पडलं तरी. मी एकदा मध्ये पडले होते. माझा समोरचा दात तेव्हापासून नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, भावाची आठवण म्हणून काढून ठेवलाय.

आमची लाँड्री गल्लीच्या मध्यावर, ऐन चढावर. आत धुलाईची मशीनं, मागे इस्त्रीची खोली, वर आम्ही राहायचो. लॉजवाल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल हा आमचा धंदा. धुतलेले ओले गठ्ठे टेकडीवरच्या वाळवणाच्या जागेत न्यायचे आणि वाळले की इस्त्रीला खाली आणायचे. ओली चादर उचलून बघितल्याशिवाय तिचं वजन कळत नाही. कोरडी असताना एका हाताने झटकतो, तीच ओली झाली की दोघांना धरावी लागते. असे गठ्ठे बुटकीच्या मागच्या सीट पाडून छतापर्यंत भरायचे. ज्या गाडीत चार जणांनी फिरायला जायचं, तिचं आम्ही ओझ्याचं जनावर केलं होतं.

तिनेही त्याचा पुरेपूर सूड घेतला. आधी मागच्या स्प्रिंगा बसल्या आणि गाडी मागून झुकून चालायला लागली. मग शॉकअप गळाले. मग पुढच्या चाकातून असा खडखडाट यायला लागला की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. इंजिनचा पिवळा दिवा एकदा लागला तो विझलाच नाही. दादाने त्यावर काळी टेप चिकटवली. मीटर मागे फिरवलेला होता हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण दलालाने दुकान हलवलं होतं. नाक फुटल्यावर मीही हलवलं असतं. जेवढ्यात गाडी आली जवळपास तेवढंच तिने वर्षभरात खाल्लं, आणि वर विमा, टायर, डिझेल हे तर तोंडी लावायला होतंच. स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्तात राहत नाही हे मी दादाला सांगितलं असतं, पण उरलेले दात मला हवे होते.

सुरुवातीला गाडी तो स्वतः चालवायचा. चढावर तो क्लचवर पाय ठेवूनच उभा राहायचा, सोडायचा नाहीच. दोन महिन्यांत क्लच प्लेट जळाली. गॅरेजवाला स्वभावाने भिडस्त होता. जळकी प्लेट दाखवून तो म्हणाला, "दादा, गाडीचा दोष नाही. पाय काढत चला." दादाने शेजारी पडलेला चाकाचा पाना उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून त्या गॅरेजचं दार आम्हाला बंद झालं. पाना लागायच्या आधी गॅरेजवाला आणखी एक गोष्ट बोलला होता. "हँडब्रेकची केबल संपलीय. किरकोळ काम आहे, करून टाकू?" दादाने ते ऐकलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्याने नवी सीट कव्हरं आणि दोन सुरांचा हॉर्न बसवून घेतला. केबल कुणाला दिसते थोडीच.

मग स्टेअरिंग वहिनीकडे आलं. तिचे वडील पाण्याचा टँकर चालवायचे. लग्नाआधी तीही तो मोकळ्या रस्त्यावर चालवायची, आणि गाडी चालवताना तिचा चेहरा वेगळाच व्हायचा. एरवी ती घरात भिंतीला धरून चालायची. गाडीत बसली की पाठ ताठ. गुणगुणायची सुद्धा. दादा शेजारी बसला असला की मात्र नाही. गिअर अडखळला की तिच्या कानाखाली बसायची. खड्डा चुकला नाही की बसायची. डाव्या बाजूलाच तो बसत असल्यामुळे तिचा डावा कान कायम लालसर असायचा आणि त्या कानाने तिला कमी ऐकू यायला लागलं होतं.

हँडब्रेक नाही, चढ तर असा की सुटलेलं लिंबू थेट बाजारात जाऊन थांबेल. त्यावर दादाने उपाय काढला. एक जाड लाकडी ठोकळा गाडीत ठेवायचा. गाडी थांबली की वहिनीने ब्रेक दाबून धरायचा. दादाने उतरून मागच्या चाकामागे ठोकळा सरकवायचा आणि टपावर हाताने दोन थापा मारायच्या. थापा ऐकल्या की तिने पाय काढायचा. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवता आली असती, पण स्टार्टरही जवळपास गेला होता. गरम गाडी एकदा बंद केली की ती थंड होईपर्यंत सुरू होत नसे. म्हणून गठ्ठे भरेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं.

ही शिस्त दादाने तिला मारून शिकवली. थापा पडायच्या आत पाय निघाला आणि गाडी बोटभर जरी हलली तरी तो खिडकीतून हात घालून तिचे केस धरायचा आणि डोकं स्टेअरिंगवर आपटायचा. थापा पडूनही पाय निघाला नाही तरी तेच. "माझा हात ऐकू आला की तुझा पाय निघायला हवा. मधे डोकं आणायचं नाही." आणलं नाही तिने. पुढे पुढे तर इस्त्रीच्या खोलीत कुणी टेबलावर दोनदा हात आपटला तरी तिचा उजवा पाय जमिनीवरून उचलला जायचा. इस्त्रीवाल्या मावशी एकदा ते बघून हसल्या आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी तोंडाला पदर लावला.

हा माणूस एक दिवस हिला मारून टाकणार हे मला माहीत होतं. मावशींना माहीत होतं. बहुतेक वहिनीलाही माहीत होतं. मी तिला जा म्हणाले की ती म्हणायची, "कुठे जाऊ छोटी? मला गाडी चालवण्याशिवाय काय येतं?" मला त्या उत्तराचा राग यायचा. तिचा नाही, उत्तराचा.

त्या सकाळी वाळवणाहून परत येताना बुटकी गरम झाली. काटा लाल पट्टीत गेला आणि पाणी घालायला अर्ध्या वाटेत थांबावं लागलं. लॉजवाल्याचा फोन आला, चादरी कुठे आहेत म्हणून, आणि त्याने दादाला चार शब्द सुनावले. फोन ठेवून दादाने चाकापुढचा ठोकळा उचलला आणि गाडीशेजारी पाणी घेऊन उभ्या असलेल्या वहिनीला फेकून मारला. तिच्या खांद्याच्या हाडावर तो बसला. असा आवाज आला की मी डोळे मिटले. ठोकळा रस्त्यावर पडला, दोन उड्या घेतल्या आणि खाली गटारात गेला. वहिनीने धावत जाऊन आधी ब्रेक दाबला. गाडी सुटायच्या आत ती आत पोचली होती. खांदा तिने नंतर धरला.

"संध्याकाळी दुसरा ठोकळा बघू," दादा म्हणाला.

म्हणून दुपारचे ओले गठ्ठे भरताना बुटकीच्या चाकाखाली काही नव्हतं. तोंड चढाकडे, इंजिन चालू आणि वहिनीचा पाय ब्रेकवर. गाडीच्या मागे दोन-तीन पावलांवर समोरच्या घराची दगडी भिंत होती, गल्ली तिथेच वळायची. दादा त्या मधल्या जागेत उभा राहून गठ्ठे कोंबत होता. मी आतून आणून देत होते. वहिनीचा खांदा एव्हाना सुजून वर आला होता आणि ती एकाच हाताने स्टेअरिंग धरून बसली होती.

डिकी लागेना. शेवटचा गठ्ठा बाहेर येत होता. दादाने गुडघ्याने तो आत रेटला, शिव्या दिल्या, जोर लावून डिकी खाली ओढली. ती लागली. मग त्याला कशाचा राग आला कोण जाणे. बहुधा वहिनी मागे वळून बघत नाही याचा. "झोपलीस काय पुढे?" असं ओरडून त्याने टपाच्या मागच्या कडेवर धाडधाड हात मारला. दोनदा.

वहिनीचा पाय निघाला.

बुटकी मागे आली. एवढ्या ओल्या वजनाला वेळ लागत नाही. दादाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पुढच्या क्षणी वहिनीने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. बंपरने दादाला कमरेखाली भिंतीशी चेपून धरलं होतं. भिंतीवरून कसलातरी काळसर ओघळ खाली येत होता.

मी खिडकीशी धावले. वहिनीचे दोन्ही पाय ब्रेकवर होते आणि ती जवळजवळ सीटवरून उठली होती. "पुढे घे," मी म्हणाले. ती मान हलवत राहिली. "पाय काढला की आधी मागे जाते. क्लच वर आल्याशिवाय पकडत नाही. वीतभर तरी मागे जाईल." मागे वीतभर जागा नव्हती. तिथे दादा होता.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. चेपलेल्या अवस्थेतही तो शिव्याच देत होता. "घे पुढे. घे पुढे म्हणतो ना, ए रांडे." आणि काच फोडून टाकावी तसा डिकीच्या काचेवर दोन्ही हातांनी मारायला लागला. धाडधाड. धाडधाड.

प्रत्येक वेळी वहिनीचे गुडघे उचलले जात होते. मी डोळ्यांनी बघितलं. ती दात आवळून पाय खाली दाबायची आणि पुढच्या थापेला ते पुन्हा वर यायचे. इतक्या वर्षांचा मार त्या पायांत होता, तो आता तिचं ऐकत नव्हता. गाडी किंचित मागे झाली. दादा किंचाळला आणि आणखी जोरात काच बडवू लागला.

वहिनी ओरडली. लग्नानंतर तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "अहो, ठोकू नका. हात खाली घ्या." मग मला म्हणाली, "छोटी, त्यांचे हात धर. मला पाय आवरत नाहीत."

मी मागे धावले. भिंत आणि बंपर यांच्या फटीत बाजूने खांदा घातला आणि दादाची मनगटं पकडली. त्याच्यात ताकद होती, असा चेपलेल्या माणसात असू नये तितकी. तो माझ्या तोंडावर थुंकला. मी त्याचे हात काचेपासून दूर, माझ्या छातीशी दाबून धरले. हेच ते हात. यांनीच माझा दात पाडला होता. यांनीच सकाळी ठोकळा फेकला होता. मला फक्त ते सोडायचे होते. मी काही करायची गरज नव्हती. मी सोडले असते, त्याने दोनदा काच बडवली असती आणि उरलेलं वहिनीच्या पायाने केलं असतं.

खोटं कशाला बोलू, मला सोडायचे होते. माझी बोटं सैल झाली होती. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो शिव्या द्यायचा थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी सोडले नाहीत. त्याच्यासाठी नाही. तो मेला असता तर त्याचं मरण वहिनीच्या पायात राहिलं असतं, आणि तिच्या अंगात त्याचं एवढं काही राहिलं होतं की आणखी भर मला नको होती.

"मावशी," मी ओरडले, "चाकामागे काहीतरी लावा."

इस्त्रीवाल्या मावशी दारात उभ्या होत्या. आमच्याकडे कोळशाच्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या होत्या, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडवायला ठेवलेल्या. मावशींनी त्या दोन्ही उचलल्या, एरवी एक उचलताना त्यांची कंबर धरायची, आणि गुडघ्यांवर बसून एकेका मागच्या चाकाखाली टोकाच्या बाजूने घुसवल्या. वरून लाथ घालून घट्ट केल्या. मग पुढे जाऊन त्यांनी टपावर हळूच, दार वाजवावं तशा दोन थापा मारल्या.

वहिनीचा पाय लगेच निघाला नाही. तिने खिडकीतून मावशींकडे बघितलं. "लावलंत?"

"लावलं पोरी. काढ."

तिने पाय काढला. लोखंड दगडावर करकरलं आणि गाडी जागच्या जागी राहिली. मग वहिनीने पहिला गिअर टाकला. क्लच जळल्याचा वास गल्लीभर पसरला, बुटकी थरथरली आणि पुढे सरकली. दादा माझ्या अंगावर कोसळला.

कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, एक मांडीही. तो हॉस्पिटलमध्ये पडून होता तेव्हा येईल त्याला सांगत होता, "बायकोनेच गाडी घातली अंगावर. मुद्दाम पाय काढला." वहिनी डबा घेऊन दारात उभी असताना त्याने हे लॉजवाल्याला सांगितलं. तिने डबा टेबलावर ठेवला आणि खाली आली. मी पायरीवर बसले होते. म्हणाली, "चल, गॅरेजमध्ये जाऊ."

गॅरेजवाल्याने आधी गाडी ओळखली, मग ती कोण चालवतंय ते बघितलं आणि दार उघडलं. त्याच्या कोपरावर पान्याचा व्रण अजून होता. हँडब्रेकची केबल बदलायला त्याला फार वेळ लागला नाही, आमचा चहा संपायच्या आत झालं. जुनी तुटकी केबल त्याने वहिनीच्या हातात दिली. करंगळीएवढी जाड, तार उसवलेली.

"एवढीच?" वहिनी म्हणाली.

"एवढीच. मी तेव्हाच सांगितलं होतं."

ती केबल हातात घेऊन टायरच्या ढिगावर बसली आणि रडायला लागली. सुजलेला खांदा हलत होता. गॅरेजवाला नळ चालू करून उगाचच हात धुत राहिला. रडणं संपल्यावर तिने त्याला विचारलं, कुठे ड्रायव्हर लागतो का. तो म्हणाला, पाण्याच्या टँकरवाल्याला लागतो, पण तिथे बाई कशी चालेल. ती म्हणाली, "मला टँकर चालवता येतो. त्याला विचारा."

दादाला घरी आणायचा दिवस वहिनीनेच ठरवला. आदल्या दिवशी तिने आपली बॅग मावशींकडे नेऊन ठेवली. सकाळी आम्ही दोघींनी त्याला मागच्या सीटवर आडवा टेकवून बसवला, पाय प्लास्टरमध्ये सरळ. वाटभर तो क्लचबद्दल बोलत होता. वहिनी पाठ ताठ ठेवून गाडी चालवत होती.

गल्लीत, दारासमोर, त्याच चढावर तिने गाडी उभी केली. तोंड वर, पाठीमागे तीच भिंत. भिंतीवरचा डाग आम्ही घासला होता, पुरता गेला नव्हता. वहिनीने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरली. चावी माझ्या हातात ठेवली.

"क्लच सांभाळून सोडत जा," ती म्हणाली. "पाणी रोज बघ."

आणि उतारावरून खाली चालायला लागली. तिने एकदाही मागे बघितलं नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर मावशी तिची बॅग घेऊन उभ्या होत्या.

दादाने मान वळवून मागच्या काचेतून भिंत बघितली. मग पुढची रिकामी सीट बघितली. ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता.

"छोटी," तो म्हणाला, "ठोकळा लावलास?"

मी दाराशी हाताची घडी घालून उभी राहिले.

"छोटी, गाडी मागे जाईल. ठोकळा लाव. छोटी, ए, ऐकतेस ना?" त्याचा आवाज बारीक होत गेला. कपाळावर घाम आला होता आणि श्वाससुद्धा तो हलक्याने घेत होता, जणू त्यानेही गाडी सुटेल. केबल बदलल्याचं त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

तो पुन्हा ओरडलाही नाही. हाताशीच दार होतं, वर टप होता, समोर काच होती, आणि त्याने कशावरही हात मारला नाही. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून, बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरून, तो तसाच बसून राहिला.